भाषेचा तास, ध्वनिमुद्रित भाषण आणि समतेची चर्चा : एक आढावा

भाषेच्या तासाला एखादे ध्वनिमुद्रित भाषण ऐकवायचे, ते कितपत समजले हे प्रश्न विचारून पाहायचे आणि मग त्यातल्या विषयावर विद्यार्थ्यांना बोलते करायचे, ही पद्धत आता सगळ्यांच्या परिचयाची आहे. इंग्रजीच्या वर्गात ती आधी रुळली. मोबाइल आणि प्रोजेक्टर आल्यापासून मराठीच्या वर्गातही ती दिसू लागली आहे. भाषणाचा विषय पुष्कळदा साचेबंद समजुती हा असतो. मुलींना काय जमते, खेड्यातला माणूस कसा वागतो, आदिवासी म्हणजे कोण, अमुक आडनावाच्या मुलाकडून काय अपेक्षा ठेवायची. शिक्षकाची अपेक्षा दुहेरी असते. ऐकण्याचा सराव व्हावा आणि या समजुतीही तपासल्या जाव्यात. ही अपेक्षा कितपत पुरी होते याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. मानसशास्त्र, भाषाविज्ञान आणि शिक्षणशास्त्र या तिन्ही बाजूंनी गेल्या साठ-सत्तर वर्षांत जे काम झाले, ते एकत्र मांडून नाशिक जिल्ह्यातल्या भाषाशिक्षकाच्या हाती त्यातून काय लागते, हे इथे पाहायचे आहे.

नाशिक डोळ्यांपुढे ठेवण्याला कारण आहे. बागलाण, कळवण, मालेगावकडे अहिराणी, सुरगाणा-पेठच्या डोंगरात कोकणा आणि वारली, मालेगाव शहरात उर्दू, सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत उत्तरेकडून आलेल्या कुटुंबांची हिंदी. यांतली मुले शहरातल्या महाविद्यालयात एका बाकावर बसतात, तेव्हा कोणाचे बोलणे चांगले आणि कोणाचे हसण्यासारखे, हे कोणी न सांगताच ठरलेले असते. समतेचा प्रश्नही इथे बाहेरून आणावा लागत नाही. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी याच शहरात सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे अनेक वर्षे लावून धरला आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली.

व्याख्यानापासून ध्वनिमुद्रणापर्यंत

भाषण ऐकणे आणि घरी परतताना त्यावर वाद घालणे हे महाराष्ट्राचे जुने लोकशिक्षण आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने सुरू झाली. नाशिकच्या वसंत व्याख्यानमालेनेही शंभरी ओलांडली असून मे महिन्यातल्या संध्याकाळी गोदाघाटावर, यशवंतराव महाराज पटांगणात ती भरते. या परंपरेने मराठी श्रोता घडवला. वक्ता कोण असायचा, तो कोणत्या मराठीत बोलायचा आणि समोर कोण बसायचे, हे मात्र तिने फार काळ गृहीत धरले होते.

आवाज टिपण्याचा इतिहास वेगळ्या वाटेने गेला. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाला जोडून १९१३ ते १९२९ या काळात ग्रामोफोनच्या तबकड्यांवर दोनशेहून अधिक ध्वनिमुद्रणे झाली. त्यांत मुख्यतः बायबलमधली उधळ्या पुत्राची गोष्ट वेगवेगळ्या भाषांत सांगवून घेतली होती. बोलीचा नमुना हवा होता; बोलणाऱ्याचे मत नोंदवणे हा उद्देश नव्हता. पुढे नभोवाणी आली, कॅसेट आली, भाषा-प्रयोगशाळा आल्या. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. पहिले कुलगुरू राम ताकवले यांच्या काळापासून तिथे दृक्‌श्राव्य साहित्याकडे घरी बसून शिकणाऱ्याचा आधार म्हणून पाहिले गेले.

आजची लाट मात्र इंटरनेटवरच्या भाषणांची आहे. ‘टेड’ची भाषणे २००६ पासून विनामूल्य उपलब्ध झाली आणि २००९ पासून स्वयंसेवकांनी त्यांना जगभरच्या भाषांतली उपशीर्षके जोडायला सुरुवात केली. इंग्रजी शिकवण्याच्या पाठ्यपुस्तकांनी ही भाषणे उचलली. मराठीत ‘स्वयं टॉक्स’, ‘जोश टॉक्स मराठी’ असे मंच उभे राहिले. याच सुमारास शिकणाऱ्यांचा वर्गही बदलला. मराठी सक्तीचा कायदा २०२० साली झाला आणि घरी मराठी न बोलणारी मुले टप्प्याटप्प्याने सर्व शाळांत मराठी शिकू लागली. या मुलांना मराठीबरोबर मराठी समाजाबद्दलच्या समजुतीही मिळतात, मग त्या आपण जाणूनबुजून दिलेल्या असोत वा नसोत.

ऐकण्याने समजूत सैल होते, असे मानणारे

या बाजूचा पाया गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली घातला. दोन गटांतली माणसे समान दर्जाने, एका कामासाठी, संस्थेच्या पाठिंब्याने एकत्र आली तर पूर्वग्रह कमी होतात, असे त्यांचे म्हणणे. पुढे प्रश्न आला की प्रत्यक्ष भेट शक्यच नसेल तर काय? शियापा, ग्रेग आणि ह्यूज या अमेरिकी अभ्यासकांनी २००५ साली दाखवले की पडद्यावर भेटलेल्या माणसाचाही काही अंशी तसाच परिणाम होतो. त्यांच्या प्रयोगांत दूरचित्रवाणी मालिकांबरोबर एका विनोदी कलाकाराचा ध्वनिचित्रमुद्रित एकपात्री प्रयोगही होता. ज्यांचा त्या गटाशी आयुष्यात फारसा संबंध आला नव्हता, अशा प्रेक्षकांवर परिणाम अधिक दिसला. सुरगाण्याच्या माणसाशी कधी न बोललेल्या शहरी विद्यार्थ्यासाठी हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो.

भाषाशिक्षकांचे सर्वांत आवडते भाषण बहुधा नायजेरियन लेखिका चिमामांडा न्गोझी अदिची यांचे २००९ सालचे, एकाच गोष्टीच्या धोक्याबद्दलचे. एखाद्या समाजाबद्दल एकच गोष्ट पुन:पुन्हा ऐकली की तीच त्या समाजाची ओळख बनते, हा त्याचा गाभा. अमेरिकेतल्या खोलीतल्या मैत्रिणीने त्यांच्याबद्दल बांधलेल्या कल्पना त्या सांगतात आणि मग घरी काम करणाऱ्या मुलाच्या कुटुंबाबद्दल, मेक्सिकोतल्या लोकांबद्दल स्वतः बाळगलेल्या कल्पनाही सांगतात. बोलणारी स्वतःलाही तपासते म्हणून ऐकणाऱ्याला बचावात्मक व्हावे लागत नाही, असे हे भाषण वापरणारे शिक्षक म्हणतात. याच लेखिकेचे स्त्रीवादावरचे २०१२ चे भाषण पुढे पुस्तकरूपाने आले आणि २०१५ साली स्वीडनमध्ये ते सोळा वर्षांच्या सर्व विद्यार्थ्यांना वाटण्याचा उपक्रम झाला.

या बाजूचा आणखी एक युक्तिवाद व्यावहारिक आहे आणि मला तो वजनदार वाटतो. ध्वनिमुद्रण थांबवता येते. समोरचा माणूस बोलत असताना आपण प्रतिक्रिया देऊन मोकळे होतो. मुद्रित वाक्य पुन्हा लावून तो नेमके काय म्हणाला हे तपासावे लागते. वर्गातल्या कोणाला स्वतःचा अनुभव उघडा न करताही नाजूक विषयाला हात घालता येतो.

आवाजच पूर्वग्रह जागा करतो, असे दाखवणारे

दुसऱ्या बाजूचे पुरावे भाषाविज्ञानातून येतात आणि ते अस्वस्थ करणारे आहेत. १९६० साली वॉलेस लॅम्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माँट्रियलमध्ये द्वैभाषिक व्यक्तींचे आवाज इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये मुद्रित केले. दोन्ही आवाज एकाच माणसाचे आहेत हे न सांगता विद्यार्थ्यांना त्या ‘माणसांचे’ गुण ठरवायला लावले. इंग्रजीतला आवाज अधिक हुशार, अधिक भरवशाचा ठरला; फ्रेंच भाषकांनीही तसाच कौल दिला. कमी लेखला जाणारा समाज स्वतःबद्दलची ती समजूत आपलीशी करतो, हा या प्रयोगाचा सर्वांत दुखरा निष्कर्ष.

डोनाल्ड रुबिन यांचा १९९२ चा प्रयोग तर थेट ध्वनिमुद्रित व्याख्यानाचा आहे. अमेरिकी विद्यार्थ्यांना एकाच बाईच्या आवाजातले तेच व्याख्यान ऐकवले गेले. एका गटासमोर गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र होते, दुसऱ्यासमोर आशियाई स्त्रीचे. दुसऱ्या गटाला परकी ढब ऐकू आली आणि व्याख्यानही कमी समजले. म्हणजे ऐकण्याच्या चाचणीत पडलेले गुण कानाचेच असतात असे नाही. केव्हिन मॅकगोवन यांनी २०१५ साली याला वेगळे वळण दिले. चिनी ढबीचे इंग्रजी गोंगाटातून ऐकताना चिनी चेहरा दिसला, तर श्रोत्यांना ते अधिक अचूक कळले. अपेक्षा आणि आवाज जुळले तर मदत होते, विसंगत असले तर अडथळा येतो, असा त्यांचा अर्थ. पूर्वग्रह की अपेक्षाभंग, हा वाद अजून चालू आहे.

मराठीला हे कितपत लागू पडते? मॅक्सीन बर्नसन यांनी १९७३ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात फलटणच्या बोलण्यातले भेद तपासले होते. एकाच गावात बोलणे माणसागणिक कसे बदलते, याचा तो आरंभीचा बारकाईचा अभ्यास. बर्नसन पुढे फलटणलाच राहिल्या, त्यांनी शाळा उभारली आणि मराठी शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकेही लिहिली. ना. गो. कालेलकरांसारख्या भाषाशास्त्रज्ञांनीही मराठी वाचकांना पुष्कळ आधीपासून सांगितले की बोली अशुद्ध नसतात, प्रमाण भाषेला प्रतिष्ठा मिळते ती सामाजिक कारणांनी. तरीही अहिराणी किंवा आदिवासी ढबीचा आवाज वर्गात लावला की पहिली प्रतिक्रिया हसण्याची येते. मालिका-चित्रपटांनी त्या ढबींना विनोदी पात्रांत बसवून ठेवले आहे.

याच टप्प्यावर विनोदाचा प्रश्न येतो. पु. ल. देशपांडे यांचे मुंबईकर, पुणेकर, नागपूरकरांवरचे कथन मराठी शिकणाऱ्या परप्रांतीयाला ऐकवावे का? एक मत असे की हा आपुलकीचा विनोद आहे, त्यात लेखक स्वतःलाही वगळत नाही आणि समाजाची नस कळायला याहून चांगले साधन नाही. दुसरे मत असे की पार्श्वभूमी नसलेला श्रोता अतिशयोक्तीला माहिती समजतो. दोन्ही मतांत तथ्य आहे. पहिल्या सत्रात ते ऐकवण्यापेक्षा शिकणाऱ्याची या शहरांतल्या माणसांशी थोडी ओळख झाल्यावर ऐकवावे, हे मला पटते. मग त्या कथनात नाशिककर, खानदेशी, कोकणा कुठेच नाहीत, हेही विद्यार्थ्यांना आपणहून दिसते.

‘टेड’ पद्धतीच्या भाषणांवरचा आक्षेप निराळा आहे. बेंजामिन ब्रॅटन यांनी २०१३ साली ‘टेडएक्स’च्याच मंचावरून म्हटले की गुंतागुंतीचे प्रश्न अशा भाषणांत भावनिक समाधानावर आणून सोडले जातात. मराठी मंचांवरच्या संघर्षकथांनाही हे लागू होते. एक मुलगी सगळ्या अडचणींवर मात करून पुढे गेली, हे ऐकून टाळ्या पडतात. अडचणी कोणी निर्माण केल्या, हा प्रश्न वर्गाच्या दाराबाहेर राहतो.

चर्चेने काय होते?

भाषण ऐकवून थांबायचे की त्यावर बोलायचे? बहुतेक शिक्षक चर्चेला निःसंशय चांगली मानतात. इथला पुरावा मात्र सावध करणारा आहे. एलिझाबेथ लेव्ही पॅलक यांनी रवांडात वर्षभर चाललेल्या सलोख्याच्या रेडिओ मालिकेचा अभ्यास केला. त्यांच्या २००९ च्या निष्कर्षानुसार श्रोत्यांची वैयक्तिक मते फारशी बदलली नाहीत, पण आपल्या समाजात काय मान्य आहे याबद्दलची त्यांची कल्पना आणि काही वर्तन बदलले. पुढच्या वर्षी त्यांनी पूर्व काँगोतला प्रयोग प्रसिद्ध केला. तिथे काही भागांत मालिकेनंतर चर्चेला उत्तेजन देणारा कार्यक्रम जोडला होता. त्या भागांतले श्रोते जास्त बोलले, आणि नावडत्या गटाबद्दल अधिक असहिष्णू निघाले. जुन्या तक्रारींना बोलण्यातून धार आली.

याच्या उलट चित्र हरियाणाचे आहे. ‘ब्रेकथ्रू’ या संस्थेने तिथल्या शासकीय शाळांत अडीच वर्षे, साधारण तीन आठवड्यांतून एक तास, स्त्री-पुरुष समतेवर चर्चासत्रे घेतली. धर, जैन आणि जयचंद्रन यांनी ३१४ शाळांतल्या सुमारे १४,००० विद्यार्थ्यांवर केलेले त्याचे मूल्यमापन २०२२ साली प्रसिद्ध झाले. विद्यार्थ्यांची मते समतेकडे झुकली आणि कार्यक्रम संपून दोन वर्षे झाल्यावरही तो बदल टिकून होता. मुलग्यांच्या सांगण्यानुसार घरकामातला त्यांचा वाटाही वाढला. महाराष्ट्रात याआधी, २००८ पासून, मुंबई महापालिकेच्या शाळांत आयसीआरडब्ल्यू, कोरो आणि टाटा समाजविज्ञान संस्था यांनी सहावी-सातवीसाठी असाच उपक्रम राबवला होता.

काँगो आणि हरियाणा यांत फरक कशाने पडला? परिस्थितीच वेगळी होती, एकीकडे युद्ध आणि दुसरीकडे शाळा. पण शिक्षकाच्या उपयोगाचा फरक असा की हरियाणात प्रशिक्षित मार्गदर्शक होते, आखलेला क्रम होता आणि तीच मुले तीच चर्चा दीर्घकाळ पुढे नेत होती. काँगोत श्रोत्यांना आपापसात बोला एवढेच सांगितले गेले. वर्षातून एकदा, ८ मार्चला, एक भाषण लावून ‘आता बोला’ म्हणणारा तास हरियाणापेक्षा काँगोच्या जवळचा आहे, असे माझे मत आहे.

हे भाषाशिक्षकाचे काम आहे का?

राज्याच्या २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयानंतर महाविद्यालयांत भाषेच्या क्षमतावृद्धीचा अभ्यासक्रम आणि मूल्यशिक्षणाचा अभ्यासक्रम वेगळे झाले. काही अध्यापकांना ही विभागणी योग्य वाटते. भाषेच्या तासाला आधीच वेळ अपुरा असतो आणि विचारांवर गुण द्यायचे की वाक्यरचनेवर, हा घोळ टळतो. विद्यार्थ्याला शिक्षकाचे मत कळले की तो तेच लिहितो, ही त्यांची भीतीही खरी आहे.

दुसरा पक्ष म्हणतो की भाषा शिकवताना समजुती वगळताच येत नाहीत. २०१७ साली बारावीच्या समाजशास्त्राच्या पुस्तकात मुलीच्या रूपाचा संबंध हुंड्याशी जोडणारा मजकूर निघाला आणि त्यावर वाद झाला. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई-वडील दोघेही भाजी निवडत असल्याचे चित्र आले आणि त्याची सर्वत्र दखल घेतली गेली. पुस्तक काही ना काही समजूत देतच असते. ती कोणती द्यायची एवढेच आपल्या हाती.

या वादात भाषाशिक्षकाची खास जागा आहे असे मला वाटते. वक्त्याचे मत बरोबर की चूक यावर वर्ग लगेच दोन तटांत विभागतो. ते कसे म्हटले गेले याकडे लक्ष वळवले की चर्चेला पुरावा मिळतो. वक्त्याने कोणाचा उल्लेख नावाने केला आणि कोणाचा नुसत्या नात्याने? साहेबांसाठी आदरार्थी बहुवचन आणि धुणेभांडी करणाऱ्या बाईसाठी एकेरी, असे झाले का? ‘ते लोक’ म्हणताना त्यात कोण कोण गृहीत धरले? मराठीच्या व्याकरणातच दर्जा सांगण्याची सोय असल्याने असे प्रश्न मराठी वर्गात विशेष फळतात. उत्तरासाठी ध्वनिफीत पुन्हा लावावी लागते, म्हणजे श्रवणाचा सरावही होतो.

कोणाचे आवाज?

परदेशी भाषणांवर इतके अवलंबून राहण्याची गरज नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांसह जमवलेल्या जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह एक लाखाच्या पुढे आहे. ‘पारी’ या संकेतस्थळावर २०१७ पासून त्यातल्या ओव्या ध्वनी, मराठी पाठ आणि इंग्रजी भाषांतरासह येत आहेत. लेकीचा जन्म, कष्ट, जात, बाबासाहेब, सगळे त्यांत बायकांच्या तोंडून येते. ते व्याख्यान नव्हे, पण भाष्य नक्कीच आहे आणि दोन भाषांच्या वर्गाला याहून सोयीचे साहित्य विरळा. मुंबईच्या ‘स्पॅरो’ संस्थेने १९८८ पासून स्त्रियांच्या मौखिक इतिहासाचे ध्वनि-चित्रमुद्रण केले आहे. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांच्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणात जिल्ह्याजिल्ह्यांतले बोलणे ऐकायला मिळते. बाबासाहेबांची १९५३ ची बीबीसीवरची मुलाखत इंग्रजीच्या वर्गाला थेट चालते. सामाजिक रचना बदलल्याशिवाय इथे लोकशाही चालणे अवघड, असे ते तीत स्पष्ट सांगतात. काळारामसारख्या लढ्यांतल्या स्त्रियांसाठी मात्र छापील पानांकडे वळावे लागते. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांच्या मुलाखतींतून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ साली सिद्ध केले. त्यातल्या मुलाखती वर्गात मोठ्याने वाचून घेता येतील.

कायद्याची अडचण वाटते तेवढी नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातले कलम ५२ अध्यापनाच्या ओघात साहित्याचा वापर करू देते. त्याच कायद्याच्या व्याख्येत व्याख्यान देणारा हाही कलावंतच आहे आणि त्याला आपल्या सादरीकरणावर हक्क आहेत. म्हणून वर्गात ऐकवणे वेगळे, विद्यार्थ्यांनी गावातल्या आजींचे बोलणे मुद्रित करून सर्वत्र पाठवणे वेगळे. दुसऱ्यासाठी त्या आजींची समजून-उमजून दिलेली संमती हवीच.

अनिर्णित राहिलेले

पहिला न सुटलेला प्रश्न त्या विद्यार्थ्याचा, ज्याच्या समाजाबद्दल भाषण आहे. साठ जणांत एकटी कोकणा मुलगी असेल तर चर्चा तिच्याकडे वळते, आणि न मागता तिला प्रतिनिधी व्हावे लागते. काहींच्या मते अशी संधी तिला बळ देते, काहींच्या मते तो अन्याय आहे. निदान तिला आधी विचारावे आणि न बोलण्याचा हक्क द्यावा, यावर दोन्ही बाजू सहमत होऊ शकतील.

दुसरा प्रश्न मोजमापाचा. मते बदलली की बोलण्याची शिस्त आली, हे ओळखणे कठीण. हरियाणाच्या अभ्यासात इतरांना बरे वाटावे म्हणून उत्तरे देण्याची प्रवृत्ती वेगळी मोजली होती. एका तासिकेनंतरच्या अभिप्रायपत्रात ती सोय नसते. तिसरा प्रश्न बोलीच्या लेखनाचा. अहिराणी वा कोकणा आवाजाचा पाठ देवनागरीत देताना उच्चार जसाच्या तसा ठेवला तर वाचणारा अडखळतो, प्रमाण केला तर ज्यासाठी तो आवाज आणला तेच नाहीसे होते. शिवाय लॅम्बर्ट, रुबिन, पॅलक यांचे प्रयोग मराठीबाहेरचे आहेत. जात आणि ढब यांची मराठीतली सांगड माँट्रियलच्या मापाने मोजता येणार नाही.

यातले निदान एक काम नाशिकमध्ये लगेच सुरू करता येईल. व्याख्यानमालांच्या आयोजकांनी वक्त्याची लेखी परवानगी घेऊन निवडक भाषणांचे ध्वनिमुद्रण आणि त्याचा पाठ शिक्षकांसाठी खुला करावा, आणि दर वर्षी निदान एक व्याख्यान अहिराणीत व एक कोकणा बोलीत ठेवावे. महाविद्यालयांच्या भाषा विभागांनी ती एका सत्रात किमान चार-पाच तासिका वापरून, आधीची आणि नंतरची उत्तरे जपून ठेवावीत. ज्या अध्यापकांनी असे तास घेतले आहेत, त्यांनी फसलेल्या तासांसह आपली टिपणे प्रसिद्ध करावीत, ही विनंती.